काळीचा पान्हा

पुण्याहून गाडी करून तीन माणसं आमच्या गावात आली आणि मागितलं काय, तर थुंकी.

ज्या साली लातूरला आगगाडीनं पाणी गेलं, त्या सालचा चैत्र होता. उमापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. विहिरीत दगड टाकला तर खणकन वाजायचा. माणसं टँकरवर जगत होती आणि जनावरं चारा-छावणीवर. अशा दिवसांत तोंडाला थुंकी तरी कुठून यावी? पण ह्यांच्याकडं बोटाएवढ्या नळ्या होत्या, बर्फाची पेटी होती, आणि कागद इतके की माझी चूल पंधरा दिवस पेटली असती.

आली ती माझ्याच दारात. दुसरीकडं जाणार कुठं? गावातल्या महिला पतसंस्थेची मी अकरा वर्षांची चेअरमन, छबुबाई. शाळा माझी दुसरीपर्यंत, ती पण मास्तर भला होता म्हणून. पण माझी सही झाल्याशिवाय संस्थेचं कपाट उघडत नाही, आणि बीडचा साहेब आला तर आधी माझ्याकडं बघतो, मग खुर्चीकडं.

तिघांतली मोठी डॉक्टरीण म्हणजे एक काटकुळी पोरगी. डोळ्याला चष्मा, पायात बूट. नाव यशोधरा वाव्हळ, गाव परळी, बाप थर्मलला नोकरीला. आडनाव ऐकून सतरंजीवर बसलेल्या संस्थेच्या बायकांतल्या दोघी जरा मागं सरकल्या. मी नाही सरकले. चेअरमननं सरकायचं नसतं. चहासुद्धा घरच्या कपात दिला, आणि सगळ्यांना दिसंल असा दिला.

"मावशी, आमचा अभ्यास असा आहे..." तिनं सुरुवात केली.

"मावशी तुझ्या आईच्या बहिणीला म्हण. मी चेअरमन हाय."

"बरं, चेअरमनबाई." पोरगी हसली नाही की दबली नाही. "ज्या घरातली बाई पतसंस्थेत आहे, त्या घरातलं लहान लेकरू जास्त सुदृढ असतं का, ते आम्हाला बघायचंय. त्यासाठी लेकरांचं वजन घ्यायचं, तुम्हाला चार प्रश्न विचारायचे. आणि लेकराच्या आईची सकाळ-संध्याकाळ थुंकी घ्यायची."

"थुंकीत काय ठेवलंय?"

"मनावर ओझं वाढलं की अंगात एक रस वाढतो. हार्मोन म्हणतात त्याला. तो थुंकीत उतरतो, मोजता येतो."

"म्हंजी बाईच्या मनातलं तुला नळीत दिसणार?"

"थोडंफार."

"मंग माझी घेऊ नको. नळी फुटंल."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही खूश झाले. त्याच खुशीत म्हणाले, "सुरुवात माझ्या घरापासून कर. चेअरमनचं घर आधी."

आणि तिथंच मी माझ्या हातानं माझं नाक कापलं.

दोन महिन्यांआधी अंगणवाडीची विमलबाई घरी आली होती. म्हणाली होती, "छबुबाई, नातीचं वजन लाल रेघेच्या खाली चाललंय." मी म्हणाले होते, "तुझा काटा मोडका हाय. माझ्या घरचं नाव लाल रेघेखाली लिहिलंस तर अंगणवाडीला कुलूप लावीन." बिचारीनं पिवळ्या पट्ट्यात लिहिलं. आता पुण्याचा नवा कोरा काटा माझ्या ओसरीवर ठेवला. सून द्वारका लेकराला घेऊन आली, अंगडं काढलं, पोरीला काट्यावर निजवलं. अर्धा गाव वाकून बघत होता.

तीन किलो नऊशे. साडेतीन महिन्यांची पोर.

विमलबाई माझ्याकडं न बघता छताकडं बघत बसली. यशोधरानं आकडा लिहिला आणि हळूच म्हणाली, "तीन आठवड्यांनी परत घेऊ. वाढलं नाही तर हिला बीडला दवाखान्यात भरती करावं लागेल. थांबून चालणार नाही."

द्वारकेनं पोरीला उचलून छातीशी असं धरलं, जसं कोणी हिसकावून नेतंय. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं पहिलं लेकरू असंच उतरत उतरत, दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं.

मग प्रश्न विचारले. घरात किती माणसं, म्हशी किती. एक प्रश्न असा, की घरातल्या सुनेला रोज दूध मिळतं का. मी म्हणाले, "आमच्या घरात दुधाला तोटा न्हाई." तिनं लिहून घेतलं.

तोटा नव्हता हे खरंच. चार म्हशी होत्या, संस्थेच्याच कर्जावर घेतलेल्या. आणि चेअरमनच्या घरचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायका काय बोलतील, म्हणून थेंब न् थेंब डेअरीच्या केंद्रावर जायचा. चहासुद्धा कोरा. हा माझा नियम होता, आणि त्या नियमाचा मला लई अभिमान होता.

माणसं गेल्यावर मी द्वारकेवर घसरले.

"गावात नाक ऱ्हायलं न्हाई माझं! चार म्हशी भरून देतात, आन् तू एक कोरडी! तुझ्या आईनं काय वाळूवर वाढवलं तुला?"

"आत्याबाई, दूध येतं. पण..."

"पण काय पण? येतं तर जातं कुठं? मांजर पिऊन जातं?"

ती गप्प बसली. ती नेहमीच गप्प बसायची, आणि तिच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग यायचा. पहाटे उठून टँकरची रांग, मग चार घागरी डोक्यावर, मग भाकरी, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर तव्यावरची शेवटची तिची. माझीही तीच होती सून असताना. मी काय मेले? माझा भारत माझ्याच दुधावर वाढला. तो त्या वर्षी माजलगावकडून टँकर चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा, आणि आला की बायकोकडं बघायचा अन् आईसमोर बोलायचा नाही. लेकाला मी चांगलं वळण लावलं होतं.

यशोधरा विमलबाईच्याच घरी मुक्कामाला राहिली. रोज सकाळ-संध्याकाळ येऊन द्वारकेची थुंकी नळीत घ्यायची. द्वारका तिच्याशी हळू आवाजात बोलायची. मी आले की दोघी गप. मला वाटलं, पोरगी माझ्या घराला नजर लावतीय. सांगितलं, "नळी भरली की चालू लाग. इथं गप्पा मारायला ही काय तुझी मावसबहीण न्हाई."

चार दिवसांनी मी छावणीवर गेले. आमचे मालक, अर्जुनराव, चार म्हशी घेऊन तिथंच राहत होते. पालाच्या मागं जाऊन बघते तर काय! साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, अंगाला माझं हिरवं लुगडं गुंडाळून आमच्या काळी म्हशीच्या खाली धार काढायला बसलेला. शेजारच्या पालातली माणसं बिड्या ओढत खो खो हसत होती.

"वहिनी, आमची नवी भावजय बघितली का?" एकजण ओरडला.

हसायला काय जातंय. ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला विचारा. काळी माझ्या हाताला लागलेली. तिला माझा वास लागतो, माझं लुगडं लागतं. मी गावाला गेले की माझं लुगडं अंगावर घेऊनच तिला पिळावं लागतं, मग ती पान्हा सोडते. पण छावणीत तेही चालेना. शेकडो जनावरं, ट्रकचे भोंगे, चाऱ्याला आलेल्या उसाच्या वाढ्यांवरून माणसांच्या मारामाऱ्या. काळी कासेत दूध धरून ठेवायची. सड ओढून ओढून मालकाची बोटं सुजली.

"शिव्या नका देऊ तिला," मी मालकाला झापलं. "शिवी दिली की चोरती ती. सात वर्षं सांगतीय."

"मंग पूजा करू का तिची? उरक, आश्रुबाची गाडी येईल."

आश्रुबा म्हणजे डेअरीच्या केंद्रावर दूध मापून घेणारा. तो आला, त्यानं कपाळाला हात लावला आणि खिशातून पान्हा सोडवायच्या औषधाची एक लहान बाटली काढली. चोरूनच विकायचा तो, सरकारची बंदी होती. सुई टोचली. पाचच मिनिटांत काळीची कास सैल पडली आणि बादलीत धार वाजायला लागली.

मी बघतच राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. म्हशीला चालतंय, तर बाईला का नाही? आईचं दूधच ते. जनावर काय अन् माणूस काय.

"आश्रुबा, एक बाटली मला दे."

"अजून एक म्हैस अडली का, चेअरमनबाई?"

"हां. घरची."

बाटली पदराच्या गाठीला बांधून मी गावात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधरा नळ्या घेऊन आली, तशी मी ती बाटली तिच्यापुढं ठेवली.

"तू डॉक्टर हायस ना? हे घे. हिला टोच. पाच मिनटांत दूध उतरंल, मी माझ्या डोळ्यानं बघितलंय."

यशोधरानं बाटली उचलली, उजेडात धरली. मग ती अशी ओरडली, की शेजारची कोंबडी उडाली.

"हे कुठून आणलंत? ह्यात काय मिसळलंय कोणाला माहीत नाही! जीव जाईल तिचा! एकदा तरी दिलंय का हे तिला? खरं सांगा!"

माझ्या घरात माझ्यावर ओरडायची हिंमत माझ्या सासऱ्यानंसुद्धा केली नव्हती.

"आवाज खाली!" मी म्हणाले. "न्हाई दिलं. डॉक्टरकडनंच देणार होते. मला काय अडाणी समजतीस?"

तिनं बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली. मग द्वारकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि परळीच्या बोलीवर आली.

"चेअरमनबाई, ह्या बाटलीत जे हाय ना, ते द्वारकाच्या अंगात आधीपासून हाय. लेकरू तोंड लावतं तवा मेंदूतून सुटतं, अन् त्यानंच पान्हा येतो. बाहेरून घालायची गरज न्हाई. फकत ते अडतं."

"कशानं?"

"तुम्हीच सांगा. म्हशीच्या कानाशी कुणी आरडाओरडा केला, तर म्हैस पान्हा सोडती का?"

बाहेर ओट्यावर विमलबाई होती. आत द्वारका होती. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावातलं चार वर्षांचं पोरही देईल.

"म्हंजी माझ्या तोंडानं माझी नात वाळली, असं म्हणायचंय तुला?"

"एकट्या तोंडानं न्हाई. ती शेवटी जेवती. चार घागरी वाहती. पहिलं लेकरू गेल्याची भीती तिच्या पोटात हाय. सगळ्याचं मिळून..."

"सगळ्याचं मिळून म्हंजी कुणाचंच न्हाई! सरकार असंच बोलतं. नीघ माझ्या घरातनं! माझ्या सुनंला म्हैस म्हणतीस? मला म्हैस म्हणतीस?"

"मी कुणालाच म्हैस म्हटलं न्हाई. म्हशीला तुमी जेवढं जपता, तेवढंच म्हणतीय." आणि नळ्या उचलून ती गेली.

दिवसभर मी धुमसत होते. दोन दिवसांचं शिकून आलेलं पोरगं मला दूध शिकवतंय! भांडी आपटली, टँकरवाल्याशी भांडले, मारुतीच्या पारावर बसलेल्या रिकामटेकड्यांना शिव्या घातल्या. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी घागर घेऊन परत येत होते. पायात वहाण नव्हती, ती रांगेत तुटली होती. म्हणून माझी चाहूल लागली नाही.

दाराशी आले आणि आतून आवाज आला. गट, गट, गट. पोरगी पीत होती. नुसती चोखत नव्हती, गिळत होती. असा आवाज मी ह्या घरात ऐकलाच नव्हता. द्वारका काहीतरी गुणगुणत होती. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून मी तोंड उघडलं.

"भाकरी झाल्या का गं?"

गुणगुणणं थांबलं. गिळणं थांबलं. दहा श्वास झाले असतील नसतील, पोरगी किंचाळून रडायला लागली. तिच्या तोंडात काही येत नव्हतं.

मी घागर ठेवली. काही बोलले नाही. परत अंगणात गेले, गोठ्यापाशी, रिकाम्या गव्हाणीवर बसले. आतलं रडणं हळूहळू कमी झालं. बऱ्याच वेळानं परत गट, गट. मी उठून दाराशी गेले आणि नुसती खाकरले. गिळणं बंद.

म्हशीची परीक्षा मी शंभर वेळा घेतली असेल. माझी अशी कोणी घेतली नव्हती.

त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवले नाही ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठून बोचकं बांधलं. द्वारका दारात आली. "कुठं निघालात, आत्याबाई?"

"छावणीवर. मालकाला काळी ऐकंना. त्यांना घरी धाडते."

"मी जाते की. तुमी घरी..."

"तुला सांगितलं का मी? पाणी आता तुझे सासरे आणतील. साठ वर्षं बसून खाल्लंय त्यांनी. आन् जेवण..." आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते. "जेवण आधी तू करायचं. मग ते. कुणी काय बोललं तर छावणीवर धाड माझ्याकडं."

तिला वाटलं असेल, म्हातारी रुसली. वाटू दे. मी कुणाच्या सांगण्यावरून गेले नाही. त्या परळीच्या पोरीच्या तर नाहीच नाही.

छावणीत मी कुणाशी गोड बोलले असं समजू नका. वाढे कमी टाकणाऱ्याला मी असं धरलं, की तो दुसऱ्या दिवसापासून माझी पेंडी आधी टाकायचा. आश्रुबाला सांगितलं, "ती बाटली माझ्या म्हशींजवळ दिसली तर तुझ्याच ढुंगणात टोचीन." पण काळीच्या शेजारी बसले की तोंड बंद. पंधरा-वीस मिनिटं नुसती तिच्या मानेवरून हात फिरवत बसायची. ट्रक ओरडू दे, माणसं भांडू दे. ती सोडायची. कमी सोडायची, पण सोडायची.

पहिल्या वजनाला तीन आठवडे झाले. एक दिवस सकाळी धारा काढायच्या वेळेला विमलबाई आणि यशोधरा दोघी छावणीवर आल्या. पुण्याची गाडी रस्त्यावर उभी होती, सामान भरलेलं.

विमलबाईनं लांबूनच हात हलवला. "छबुबाई, चार किलो पाचशे! लाल रेघेच्या वर आली! बीडला न्यायची गरज न्हाई! आवाज केवढा काढती आता, तुमच्यावरच गेलीय!"

लोक म्हणतात आनंदानं डोळे भरून येतात. माझे नाही आले. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग उठली. सहाशे ग्रॅम. मी घरात नसताना सहाशे ग्रॅम. अकरा वर्षं जी बाई म्हणते की माझ्याशिवाय गावाचं पान हलत नाही, तिच्या नसण्यानं लेकरू वाढलं.

"इकडं ये," मी यशोधराला म्हणाले. ती जवळ आली. विमलबाईला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात मी विचारलं, "तिचं पहिलं. ते पण माझ्यामुळंच का?"

तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला.

"ते मला सांगता येणार न्हाई, चेअरमनबाई. त्याला काय झालं होतं, कुणी तपासलंच न्हाई."

"हो म्हण न्हाईतर न्हाई म्हण! एवढ्या नळ्या भरल्यास कशाला मंग?"

"खोटं कसं सांगू?"

हो म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडले असते. नाही म्हणाली असती तर घरी गेले असते. ह्या पोरीनं मला दोन्ही करू दिलं नाही.

"तुझे कागद काढ," मी म्हणाले. "माझ्या घरचे."

"कशाला?"

"काढ म्हणते ना. सुनंला दूध मिळतं का, तिथं काय लिहिलंय? तोटा न्हाई? खोड ते. 'मिळत न्हाई' लिही. चेअरमनच्या घरात चार म्हशी, सुनंला थेंब न्हाई. असं लिही. आन् खाली सही घे माझी."

"सहीची गरज नसते ह्या कागदाला."

"माझ्या सहीशिवाय त्या गावातला कागद खरा होत न्हाई."

तिनं लिहिलं. मी वाचता येईल तेवढं बोट ठेवून वाचलं. मग सही केली, सगळी अक्षरं जोडून, संस्थेच्या कपाटासाठी करते तशी.

मग बादली घेऊन काळीखाली बसले. हिरवं लुगडं अंगावर, हात माझेच. पण काळीनं कास दगडासारखी धरली. सड ओढले, थेंब नाही. ती मान वळवून माझ्याकडं बघत होती. जनावराला कळतं. माझे दातावर दात घट्ट होते.

"काय झालं गं हिला?" विमलबाईनं विचारलं.

"गप बस जरा."

तिघी गप बसलो. यशोधरा पालाच्या दोरीला धरून उभी राहिली. तिच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, तिनं हातानंच त्याला थांबवलं. मी कपाळ काळीच्या कुशीला टेकवलं. तिच्या पोटातला रवंथाचा आवाज ऐकत राहिले. किती वेळ गेला काय माहीत. ऊन बादलीच्या काठावर आलं, तेव्हा कुठं कास सैल पडली आणि पहिली धार वाजली.

आश्रुबाची गाडी आली तेव्हा मी आधी एक तांब्या काढून बाजूला ठेवला, आणि मग बादली त्याच्यापुढं सरकवली.

"कमी भरतंय आज, चेअरमनबाई."

"रोजच कमी भरंल. लिहून घे तसं. हप्त्याचं काय करायचं ते मी बघीन, संस्था माझी हाय."

तांब्याला फडकं बांधून तो विमलबाईच्या हातात दिला.

"हे द्वारकेला द्यायचं. लेकराला न्हाई, तिनं प्यायचं. तुझ्यापुढं प्यायला लाव. न्हाईतर अर्धं म्हाताऱ्याच्या चहात जाईल. रोज ह्या टायमाला येत जा, तांब्या भरलेला आसंल."

"देते की. तुमी धाडलंय म्हणून सांगते."

"अजिबात सांगू नको! माझं नाव निघालं की तिच्या घशात अडकंल."

"मंग कुणी धाडलं म्हणू?"

"काळीनं," मी म्हणाले, आणि दुसऱ्या म्हशीखाली जाऊन बसले.